घाटात प्रत्येक कॅमेऱ्याला ब्रेक मारला, तरी दोन चलानं! हे सरासरी वेगाचं काय प्रकरण आहे?

चिंचवडकर
मंडळी, जरा रागात लिहितोय, सांभाळून घ्या. मागच्या पंधरवड्यात सासूबाईंना आणायला ठाण्याला गेलो होतो, शनिवारी गेलो, रविवारी संध्याकाळी परत. काल सकाळी चहा पिताना मेसेज. एक नाही, दोन. दोन्ही मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचे, दोन्ही ओव्हरस्पीडिंग, २००० अधिक २०००.

आता माझं ऐका. मी हा रस्ता २००५ पासून वापरतोय. घाटातल्या कॅमेऱ्याच्या कमानी कुठे कुठे आहेत ते मला आरतीसारखं पाठ आहे. प्रत्येक कमानीच्या आधी गाडी ५५ वर आणतो म्हणजे आणतोच. मग वेग जास्त मोजला कसा? ऑफिसातला एक जण म्हणाला की आता एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्या कॅमेऱ्यापर्यंतची सरासरी काढतात. हे खरं आहे का? आणि असेल तर गपचूप भरावं का भांडावं?

ता.क. सासूबाई मागच्या सीटवर होत्या पण साक्षीला उपयोग नाही, लोणावळा जाईपर्यंत त्या घोरत होत्या.

मिसळ_कट
२००५ पासून पाठ केलेली आरती २०२४ मध्ये बदलली हो काका, तुम्ही अजून जुनीच म्हणताय.

त्रैराशिक
ऑफिसातला माणूस बरोबर सांगतोय. जुलै २०२४ पासून एक्स्प्रेसवेवर आयटीएमएस नावाची यंत्रणा सुरू झाली आहे. एका जागी वेग मोजतात तसा दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. यात रडारबिडारची गरजच नाही. पहिल्या कॅमेऱ्याने तुमची नंबर प्लेट वाचली, वेळ नोंदवली. दुसऱ्याने वाचली, वेळ नोंदवली. मधलं अंतर ठरलेलं आहे. अंतर भागिले वेळ, सहावीतलं गणित.

आता तुमच्या पद्धतीचा हिशोब करू. समजा १० किमीचा टप्पा आहे आणि कारला मर्यादा ६०. म्हणजे कमीत कमी १० मिनिटं लागायला हवीत. तुम्ही कमानींच्या आसपास मिळून २ किमी अगदी ४० ने गेलात, ३ मिनिटं. उरलेले ८ किमी ९० ने हाणलेत, ५ मिनिटं २० सेकंद. एकूण ८ मिनिटं २० सेकंद. सरासरी आली ७२. आलं चलान!

गंमत म्हणजे यात तुमचे वाचले किती, तर बरोबर १०० सेकंद. दोन हजाराला १०० सेकंद, म्हणजे सेकंदाला २० रुपये.

मिसळ_कट
सेकंदाला २० रुपये! ह्या भावात तर हेलिकॉप्टर सुद्धा परवडेल.

निवांत
गणित वगैरे ठीक आहे पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. हे सगळं वसुलीसाठी चाललंय. सपाटीवर १०० ने येणाऱ्या माणसाला घाट लागला की एकदम ६० वर या म्हणून सांगायचं, आणि तो बोर्ड कुठे तर बाजूच्या लेनमधला कंटेनर नेमका त्याच्यासमोर असतो. टोल घ्यायचा, टोल भरून रांगेत तासभर उभं करायचं, आणि रस्ता जरा मोकळा मिळाला की चलान. मी तर म्हणतो कोणीच भरू नका.

रश्मी_कोथरूड
@चिंचवडकर, फोटो बघितलेत का दोन्ही चलानांचे? आधी ते करा.

@निवांत, "कोणीच भरू नका" म्हणायला सोपं आहे हो. माझ्या दिराने सात चलानं साठवली होती, नंतर गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईकाने नंबर टाकून बघितला आणि तेवढे पैसे कापूनच दिले.

ट्रकवाला_सातारा
आमच्या दोन दहाचाकी आहेत त्यामुळं बोलायचा अधिकार आहे असं समजतो. कारवाल्यांचं ६० चं रडगाणं ऐकून हसू आलं. आम्हाला सपाटीला ८० आणि घाटात ४० लावली तेव्हा आमचे ड्रायव्हर रडायच्या बेतात आले होते. चढताना प्रश्नच नाही, भरलेली गाडी ४० ने चढली तर मी पेढे वाटीन. पण उतरताना ४० धरून ठेवायची म्हणजे सारखा ब्रेकवर पाय आणि ब्रेक तापले की पुढं काय होतं ते बोरघाटात सगळ्यांनी बघितलंय. त्यावर उपाय एकच आहे जो जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, इंजिनानं गाडी धरायची. नवी पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि मरतात, दुसऱ्यालाही मारतात. आणि हे वेगाचे आकडे मधेमधे बदलतात, त्यामुळं कुणी सांगितलं म्हणून नाही, बोर्डावर असेल तेच धरा.

दुसरं म्हणजे लेन. जड गाडी डाव्या लेनमध्ये पाहिजे, बाहेर आली की कॅमेरा टिपतो. मान्य. पण डाव्या लेनमध्ये एखादी गाडी बंद पडलेली असते तेव्हा काय उडून जायचं?

बदलापूर_लोकल
आयटीएमएस सुरू झाली तेव्हा पेपरात १७ प्रकारचे नियमभंग टिपणार म्हणून आलं होतं. वेग, लेन तोडणं, सीटबेल्ट, मोबाईल, उलट दिशेने येणं वगैरे. म्हणजे फक्त वेग सांभाळून भागत नाही.

आणि मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लागतो बरं का. लोकांना हे २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले तेव्हा कळलं, नियम त्याच्या आधीपासूनच होता. त्यामुळे सासूबाई घोरत असल्या तरी बेल्ट लावून घोरत होत्या का, हा खरा प्रश्न.

चिंचवडकर
बेल्ट लावला होता. त्यांना तो काचतो म्हणून त्यात टॉवेल घातला होता, पण लावला होता.

काळाकोट
भांडायचं असेल तर कशावर भांडता येतं ते सांगतो. वकील आहे पण हा सल्ला फुकट आहे त्यामुळे त्याच किमतीचा समजा.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६अ कलम आलं, इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं. त्याखालचा नियम १६७अ ऑगस्ट २०२१ चा. त्यात काय म्हटलंय ते बघा. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायचं. कॅमेरा लावलेल्या टप्प्याच्या आधी लोकांना दिसेल असा सूचनाफलक हवा. चलानात गुन्हा आणि नंबर प्लेट दिसेल असा स्पष्ट फोटो हवा, यंत्राने मोजलेला आकडा हवा, तारीख, वेळ, ठिकाण हवं, कुठल्या कलमाखाली ते हवं. आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायला हवी.

म्हणजे "मी एवढ्या जोरात नव्हतो" हे नुसतं सांगून काही होत नाही. "फोटोतली गाडी माझी नाही", "आकडा दिलेलाच नाही", "नोटीस उशिरा पाठवली", असं काही असेल तर बोला. तक्रार नोंदवायची सोय राज्याच्या ई-चलान पोर्टलवर आहे. तिथे दाद लागली नाही तर कोर्ट आहेच, पण दोन हजारासाठी तारखांना जायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं.

निवांत
हेच म्हणतोय मी. वर्षाच्या वर्षाला प्रमाणपत्र! कोण विचारतंय?

काळाकोट
विचारा ना मग. माहितीचा अधिकार आहे, अर्जाला १० रुपये लागतात. इथे लिहायला जेवढा वेळ घालवलात तेवढ्यात अर्ज झाला असता.

सुमन_आजी
माझं जरा वेगळं दुखणं आहे. ह्यांची स्कूटर ह्यांच्या पश्चात ओळखीतल्या एका मुलाला दिली, पैसेही अगदी नावाला घेतले. त्याने काही आरसी नावावर करून घेतली नाही आणि आम्हीही मागे लागलो नाही. आता गेली दोन वर्षं माझ्या मोबाईलवर चलान येतंय, कधी हेल्मेट नाही, कधी ट्रिपल सीट. मी ७१ वर्षांची, गुडघे दुखतात, आणि सरकारदरबारी मी डेक्कनला ट्रिपल सीट फिरतेय.

मिसळ_कट
आजी, पुढच्या वेळी आम्हाला पण बसवा मागे.

काळाकोट
आजी, तुमचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका, अपघात झाला तर ते तुमच्या दाराशी येईल. नोंदणी आहे त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९, आणि नावावर करून घेण्यासाठी फॉर्म ३०. तुमच्या बाबतीत मालक वारलेले असल्याने आधी वारसाच्या नावावर, मग त्या मुलाच्या नावावर, अशी दोन पावलं आहेत. त्या मुलाला घेऊनच आरटीओत जा. येत नसेल तर आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या.

रश्मी_कोथरूड
आणि उलट बाजूनेही बघा, ज्यांनी नंबर बदलले आहेत त्यांचा जुना मोबाईल आरसीला जोडलेला असतो, मग चलान येतं पण कळतच नाही. परिवहनच्या साईटवर जाऊन मोबाईल अपडेट करून ठेवा.

हो, आणि व्हॉट्सॅपवर "तुमचं चलान" म्हणून जी एपीके फाईल येते ती उघडू नका!! आमच्या सोसायटीत एका काकांनी उघडली, फोन परक्याच्या ताब्यात गेला, खात्यातून पैसे गेले. सरकार व्हॉट्सॅपवर ॲप पाठवत नाही. मेसेज आला तर लिंकवर टिचकी न मारता स्वतः पोर्टलवर जायचं, गाडीचा नंबर टाकायचा, तिथे दिसलं तर खरं.

लीड्सकर
इकडे इंग्लंडात हे सरासरीवाले पिवळे कॅमेरे १९९९ पासून आहेत त्यामुळे चिंचवडकरांची व्यथा वाचून जुने दिवस आठवले. मोटरवेवर काम चालू असलं की १५-१५ मैल ५० ची मर्यादा, आणि सगळा रस्ता शहाण्या मुलासारखा ५० ने चाललेला असतो. क्रूझ कंट्रोल लावायचा आणि गाणी ऐकायची.

दोन गोष्टी इथल्या आवडतात. एक, पोलिसांचं साधारण धोरण असं की मर्यादेच्या १० टक्के अधिक २ मैल एवढ्यापर्यंत सहसा सोडून देतात. दुसरी, थोडक्यात सापडलात तर दंड आणि पॉइंटऐवजी पैसे भरून वेगाच्या वर्गाला बसता येतं. मी बसलोय. चार तास. बाजूला एक पाद्री होता. नाहीतर १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, तीन वर्षांत १२ झाले की लायसन्स जातं.

आणि इथे नोटीस गाडीच्या मालकाला येते, त्याने कळवायचं की चालवत कोण होतं. खोटं सांगितलंत तर मेलात. ख्रिस ह्यून नावाचे मंत्री होते, २००३ मध्ये वेगात सापडले आणि पॉइंट बायकोच्या नावावर टाकले. पुढे घटस्फोट झाला, बाईंनी सगळं बाहेर काढलं, २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा चलान भरा पण बायकोशी नीट वागा.

म्हापशेकार
आमच्याकडे पणजीजवळ मेरशीच्या सिग्नलला असे कॅमेरे लागले तेव्हा सुरुवातीला सगळे इतके शिस्तीत थांबायचे की पर्यटकांना वाटायचं पुढे मिरवणूक आहे. मजा म्हणजे भाड्याच्या गाड्या. पाटी काळी, अक्षरं पिवळी, त्यात दिल्लीचा माणूस सिग्नल तोडून निघून जातो आणि चलान येतं माझ्या मावसभावाला, कारण गाडी त्याची. आता तो गाडी देताना डिपॉझिट धरून ठेवतो.

त्रैराशिक
स्पीडोमीटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असाच नियम आहे. त्यामुळे काट्यावर ६० म्हणजे प्रत्यक्षात ५६-५७ असू शकतं. जीपीएसचा आकडा सपाटीला बराच बरोबर असतो पण बोगद्यात तो आंधळा होतो. भाताण, माडप, कामशेत, सगळीकडे. थोडक्यात काट्यावर चाललात तर चलान यायचं कारण नाही, उलट फायद्यात आहात.

@लीड्सकर, १० टक्के अधिक २ चा हिशोब आपल्याकडे कोणी गृहीत धरू नये, नाहीतर उद्या "मायबोली फोरमवर वाचलं होतं" असं कोर्टात सांगाल.

पनवेलकर_डॉ
वसुली-वसुली चाललंय म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचक. शिकत असताना पनवेलजवळच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या आहेत. एक्स्प्रेसवेचे पेशंट यायचे. त्यातले बरेच पहाटे तीन ते पाचमधले, म्हणजे डुलकी. वेग जास्त होता का हे आम्हाला विचारायला लागायचं नाही, माणसाकडे बघून कळायचं. १०० ने जाणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर पुढे जाते, डुलकी दोन सेकंदांची असते. मला कॅमेऱ्याचा दंड कुठे जातो याच्याशी घेणं नाही.

निवांत
डॉक्टर, तुमच्याशी वाद नाही. पण मग डुलकीवाल्याला कॅमेरा कुठे पकडतो? तो ९५ ने सरळ लेनमध्ये चालला असेल तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने आदर्श नागरिकच की.

पनवेलकर_डॉ
हे बरोबर आहे तुमचं. डुलकीवर उपाय चहाची टपरी, दुसरा नाही.

मिसळ_कट
म्हणजे फूड मॉलला थांबून वडापाव खाल्ला की डुलकी पण जाते आणि सरासरी पण खाली येते. एका दगडात दोन पक्षी.

त्रैराशिक
फूड मॉल त्या दोन कमानींच्या मधे असेल तरच. नसेल तर वडापाव वेगळा आणि चलान वेगळं.

ट्रकवाला_सातारा
वडापावच्या भावात अर्धं चलान भरून होतंय तिथं.

बदलापूर_लोकल
शहरात तर आणखी वेगळं. चौकात पोलीस खिशातून मोबाईल काढून खटाखट फोटो काढायचे, आपल्याला पत्ताच नाही, आठवड्याने चलान. शेवटी २०२५ मध्ये परिपत्रक निघालं की स्वतःच्या खाजगी मोबाईलवर असे फोटो काढायचे नाहीत, दिलेल्या मशीननेच कारवाई करायची. कॅमेरा निदान ओळख बघून सोडत नाही की ओळख बघून धरत नाही, मला तो पोलिसापेक्षा परवडतो.

फक्त ज्यांच्या गाडीवर ४१४१ चं "दादा" आणि ८०५५ चं "बॉस" केलेलं असतं त्यांना कॅमेरा वाचतो का हे मला जाणून घ्यायचंय.

काळाकोट
न वाचला तर तो वेगळा गुन्हा. नंबर प्लेटची अक्षरं-आकडे किती उंच, किती जाड, मधे किती जागा, सगळं ठरलेलं आहे, आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावायला सांगण्यामागे हेही एक कारण आहे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती लावून घ्यायची आहे. लोक म्हणतात मुदत वाढतच जाते, बघू.

चिंचवडकर
आलो. दोन दिवस गायब होतो कारण रश्मीताईंनी सांगितलेलं काम शेवटी केलं. दोन्ही फोटो उघडले. कबुलीजबाब देतोय, हसायचं त्यांनी हसून घ्या.

पहिलं चलान, रविवार, घाटातलं. गाडी माझीच, नंबर स्वच्छ. मी म्हटलं डॅशकॅमचं रेकॉर्डिंग आहे, दाखवतो यांना. लावलं. बायको शेजारी बसून बघत होती. खोपोलीच्या पुढे एका कमानीखाली ५६, मग ८१, ८४, पुढच्या कमानीला परत ५४, मग ८६. बोगद्यात आकडा गेला, बाहेर आल्यावर ८८. बायको काही बोलली नाही, फक्त आवाज वाढवला. तर त्या रेकॉर्डिंगमध्ये तिचाच आवाज, "अहो हळू, आई उठेल." हे पाच मिनिटांत तीनदा. भरले २०००.

दुसरं चलान मात्र गंमत आहे. तारीख तीच, वेळ रात्री ११.२०, पनवेलच्या बाजूला. त्या वेळेला आम्ही चिंचवडला घरी पोचून खिचडी खात होतो. फोटोत पांढरी गाडी, कंपनी तीच, मॉडेल तेच, म्हणून आधी नुसतं बारीक चित्र बघून मला पण माझीच वाटली. मोठा करून बघितला तर माझ्या नंबराच्या शेवटी ८ आहे, त्याच्या शेवटी ३. आकडे तिरके, कलाकुसर केलेले, त्यावर मधला स्क्रू नेमका ३ च्या पोटात. यंत्राने वाचला ८.

रश्मी_कोथरूड
म्हटलं होतं ना!!

मिसळ_कट
म्हणजे एका चलानात कॅमेरा बरोबर आणि तुम्ही चूक, दुसऱ्यात उलटं. मॅच ड्रॉ.

काळाकोट
पोर्टलवर तक्रार टाका, माझ्या गाडीचा फोटो वेगळा जोडा, मागून-पुढून, आरसी जोडा, आणि त्यांच्या फोटोतला शेवटचा आकडा मोठा करून गोल काढून दाखवा. त्या वेळी गाडी सोसायटीत शिरल्याचं गेटवरचं सीसीटीव्ही असेल तर आजच कॉपी करून घ्या, सोसायट्या रेकॉर्डिंग फार दिवस ठेवत नाहीत. आणि पैसे भरू नका, भरलं म्हणजे मान्य केल्यासारखं होतं. लोकअदालतीत अर्ध्यात मिटवून टाका असं कोणीतरी सांगेल, तो सल्ला ह्या चलानाला लागू नाही, न केलेल्या गुन्ह्याचे अर्धे तरी का भरायचे?

काळाकोट
वरती "माझ्या गाडीचा" म्हणजे तुमच्या गाडीचा. माझी गाडी यात नाही.

निवांत
बघा, शेवटी यंत्र चुकतंच. मी काय म्हणत होतो.

त्रैराशिक
आणि पहिलं? ८८ कोणाचे?

निवांत
ते सोडा हो.

चिंचवडकर
गेटवरचं सीसीटीव्ही मिळालं, ९.०५ ला गाडी आत, सासूबाई टॉवेल हातात घेऊन उतरताना स्पष्ट दिसतायत. म्हणजे शेवटी साक्षीला त्याच उपयोगी पडल्या. तक्रार टाकली आहे, नंबर आला आहे, उत्तर आलं की इथे लिहितो. येत्या शनिवारी त्यांना परत ठाण्याला सोडायला जायचंय. बायको म्हणाली घाट उतरताना गाडी ती चालवणार.

सुमन_आजी
त्या मुलाचा फोन लागला आज. सोमवारी आरटीओत येतो म्हणालाय. स्कूटरवरूनच घ्यायला येणार आहे, मी त्याला सांगितलं की दोन हेल्मेट आण.